म्होरकीचा सायलेन्सर

आमच्या म्हशी मोटारसायकलच्या मागनं पळतात, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला समजावून सांगायचा मला आता कंटाळा आलाय. तो आधी हसतो, मग विचारतो, "बांधून?" बांधून नाही, मोकळ्या. मालक गाडीवर पुढं, म्हशी मागं. मालकानं सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकलेली असते, आणि त्या फाटक्या आवाजावर म्हैस रेडकू असल्यापासून शिकवलेली असते. शंभर गाड्या फुरफुरत असू देत, ती आपल्या मालकाची बरोबर ओळखते. दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून आपापल्या म्हशी अशा पळवून दाखवतात आणि सगळं गाव बघायला लोटतं. बाकीचं वर्षभर मात्र हे कुणी बघत नाही. म्हशी नदीला जातात, नदीवरनं घरी येतात, इतकं ते साधं आहे.

माझ्या नवऱ्याच्या चार म्हशी. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना अरेतुरे करणार आहे, कारण इथं मला कोण अडवत नाही. तो पहाटे धारा काढतो, दुपारी म्हशी नदीला नेतो, दिवस कलताना परत आणतो आणि सातच्या ठोक्याला गल्लीच्या तोंडाशी दुधाच्या कट्ट्यावर उभ्या करतो. तिथं लोक पेले घेऊन थांबलेले असतात. समोर धार काढायची आणि फेसासकट प्यायची, अशी इथली रीत. चौघींत एक म्होरकी. ती हलली की बाकीच्या तिघी हलतात, ती बसली की बसतात. आणि म्होरकी हलायची ती त्याच्या हाकेला जुन्या गाडीच्या आवाजाची जोड मिळाली तरच.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या माणसाला मी कधी कशाचा गर्व करताना बघितलेलं नाही. पोरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हाही, "बरं झालं," एवढंच म्हणाला आणि वैरण कापायला गेला. पण नदीतनं वर आलेली म्होरकी त्याच्या मागच्या चाकाला नाक लावून पळायला लागली की त्याची मान ताठ व्हायची. ओळखीचं कुणी हाक मारली तरी बघायचा नाही. नदीपासून घरापर्यंत आठ मिनिटं लागायची, आणि त्याची सगळी मिजास त्या आठ मिनिटांत असायची.

आता माझी चूक सांगते. मी राजारामपुरीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून घ्यायचं काम करते. दवाखान्याच्या वर शिकवणीचे वर्ग, आणि वर्ग सुटले की खाली पोरांच्या बुलेटी. त्यातनं मुद्दाम फटाके वाजवल्यासारखे बार काढायचे. आत एखादी म्हातारी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला बसलेली असायची, ती दचकून उठायची, आणि डॉक्टर परत पहिल्यापासून मोजायचे. शेवटी एक दिवस माझं डोकं फिरलं. मी निवेदन लिहिलं. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर कारवाई करा, नागरिक हैराण आहेत, वगैरे. कागद घरी नेला आणि पहिली सही नवऱ्याची घेतली.

"लई आवाज झालाय गावात," तो म्हणाला आणि झोकात सही केली. मग खाली जाऊन त्यानं गाडीला किक मारली. आमच्या कपाटातली काचेची भांडी नेहमीप्रमाणं थरथरली. मी नेहमीप्रमाणं कपाटाच्या दाराला हात लावून उभी राहिले आणि दुसरी सही कुणाची घ्यावी याचा विचार करायला लागले. दोघांच्याही डोक्यात आलं नाही! आपल्या घोरण्याची कुणी तक्रार करतं का? तसंच ते. बुलेटचा तो आवाज, आणि आमची म्हशीला हाक.

उन्हाळ्यात मोहीम निघाली. दहा वर्षं ज्या गोष्टीकडं कुणी बघितलं नव्हतं ती एका दिवसात गुन्हा झाली. चौकाचौकात पोलीस, शेजारी पाना घेतलेला मिस्त्री, मागं टेम्पो. माझा नवरा म्हशी घेऊन नदीवरनं येत होता. त्याला हात दाखवला, तो थांबला. मागच्या चारही म्हशी ओळीनं थांबल्या.

"सायलेन्सर बदललाय तुमी," हवालदार म्हणाला.

"म्हशीसाठी हाय ओ ते."

"सगळीच कशासाठी तरी म्हणत्यात. उतरा."

तिथंच सायलेन्सर खोलला, टेम्पोत टाकला. दंडाची पावती हातात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेपर आला तर पहिल्या पानावर फोटो. रस्त्यावर सायलेन्सरची लांबच लांब रांग आणि तिच्यावरनं चाललेला रोडरोलर. खाली लिहिलं होतं, नागरिकांच्या निवेदनाची दखल. निवेदनावर सही केलेले एक काका नंबर घ्यायला आले होते, ते म्हणाले, "झकास काम केलंसा बाई." मला तो पेपर काकांच्या डोक्यात घालावासा वाटला.

गाडीला कंपनीचा सायलेन्सर बसवावा लागला. गाडी इतकी गप्प झाली की चालू आहे का बंद, हे टाकीला हात लावून बघावं लागायचं. त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यात मला फोन आला. सव्वीस वर्षांत नवऱ्यानं मला कामावर फोन केलेला नव्हता.

"जरा येतीस काय?" तो म्हणाला. "म्होरकी येत न्हाय."

मी स्कूटी पळवत नदीवर गेले. तो काठावर गाडीची मूठ पिळत उभा होता, वर हाकाही मारत होता. म्होरकी पाण्यात गळ्यापर्यंत बसलेली. तिनं त्याच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि रवंथ करायला लागली. हाक आणि आवाज दोन्ही मिळून तिला निरोप कळायचा. नुसती हाक म्हणजे तिच्या लेखी अर्धीच गोष्ट होती. शेवटी तो कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि गळ्याला दावं लावून तिला ओढत वर काढली. त्याचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, पायऱ्या चढताना तोंडातनं आवाज निघू नये म्हणून ओठ चावत होता. आणि मी वर येऊन बघते तर स्कूटी नाही, वाहतूकवाल्यांनी उचलून नेलेली. तारीख सम होती, मी विषमच्या बाजूला लावली होती. माणूस म्हशीच्या मागं धावत आलेला असताना त्यानं तारखेला दोननं भाग लावून बघायचा, ही आमच्या शहराची अपेक्षा.

दुसऱ्या दिवसापासनं दावं माझ्या हातात आलं. नवऱ्याला एवढं चालवत नाही, म्हणून तो मुक्या गाडीवर पाय घासत मागनं. आणि चालायला लागल्यावर दुसरा कायदा आडवा आला. नदीवरनं घरी यायचा जवळचा रस्ता संध्याकाळी सहाला एकेरी होतो. आधी हा पावणेसहाला निघायचा आणि सहाच्या आत घरी. आता म्हशींच्या चालीनं पाऊण तास, म्हणजे निम्म्या रस्त्यात सहा वाजणार.

"मावशी, एकेरी हाय," चौकातला हवालदार पहिल्याच आठवड्यात म्हणाला. पोरगेला होता, नवीन भरती झालेला असावा.

"आमी चालत चाललोय की."

"तुमी जावा. म्हशी न्हाई. पाटीवर लिवलंय, सर्व वाहनं."

"म्हैस वाहन हाय व्हय?"

"यमाचं काय हाय मग?"

"त्यो रेडा. ही म्हैस. आणि यमाला एकदा एकेरी दाखवून बघा की, बघू काय म्हणतोय."

तो हसला. मीही हसले. आणि हसत हसत त्यानं आम्हाला तीन गल्ल्यांचा वळसा घालायला लावला. कट्ट्यावर पोचायला साडेसात. पेले घेऊन थांबलेले लोक कंटाळून निघून गेलेले. उशिरानं, दमून आलेली म्होरकी पान्हा चोरायला लागली. कासेला हात लावला की पाय झाडायची.

आठवड्याभरानं जेवताना नवरा ताटाकडं बघत म्हणाला, "राधानगरीकडचा एकजण म्होरकीला मागतोय. तिकडं गाडी कोण अडवत न्हाय."

मी भाकरी तशीच टाकून उठले. म्होरकी गेली असती तर चार दिवसांत बाकीच्या तिघीही गेल्या असत्या. आणि मग हा माणूस दिवसभर काय करणार होता? दुसरं त्याला काही येत नाही, आणि मला तो दुसरं काही करताना बघायचाही नव्हता. मी केलेल्या निवेदनानं माझ्याच घराची ही गत झाली होती, आणि त्यानं मला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नव्हता, याचा तर मला जास्तच राग येत होता.

मी अर्ज लिहिला. म्हशीसाठी एका सायलेन्सरला परवानगी मिळावी, रोज पंधरा मिनिटं, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ. वाहतुकीच्या साहेबांपुढं जाऊन बसले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस चांगला होता, चहा मागवला.

"ताई, मला पटतंय," ते म्हणाले. "माझ्या आजोळी म्हशीच हायेत. पण ह्याला रकाना कुठला?"

"एक नवीन पाडा की."

"पाडतो. मग उद्या गावातला प्रत्येक बुलेटवाला दारात एक म्हैस आणून बांधंल. तुमचीच ती दवाखान्याखालची पोरं पयली येतील."

एवढं म्हणून त्यांनी फाईल उघडली आणि एक कागद माझ्याकडं फिरवला. माझंच निवेदन. माझंच अक्षर, आणि खाली नवऱ्याची झोकदार सही.

"पाडव्याला कोण अडवणार न्हाय तुमास्नी," ते समजुतीनं म्हणाले. "त्या दिवशी आमी बघत न्हाय."

"साहेब, म्हशीला रोज घरी यायचं असतंय," मी म्हणाले. "वर्षातनं एकदा न्हाय."

एवढं बोलून मी मोठ्या तोऱ्यात उठले खरी. पण बाहेर येऊन जिन्यात उभी राहून ढसाढसा रडले. जिन्यात थुंकू नये अशी पाटी होती, रडायला अजून बंदी झालेली नव्हती.

पोरीनं तिच्या होस्टेलवरनं एक युक्ती सांगितली. मागच्या पाडव्याचा व्हिडिओ मोबाईलमध्ये होता, त्यात गाडीचा आवाज होता. तो छोट्या स्पीकरवर लावून गाडीला बांधला. म्होरकीनं पाण्यात कान टवकारले, चार पावलं बाहेर आली. नवऱ्याचे डोळे असे काय चमकले! आणि मग व्हिडिओत हलगी सुरू झाली. म्होरकी थबकली आणि मागं फिरली. हलगीचा भाग कापून परत लावावा म्हटलं, तोवर तोच पोरगेला हवालदार येऊन सांगून गेला, की गाडीवर स्पीकर लावायला परवानगी लागते.

मग मी चालतच राहिले. पावसाळ्यात नदी चढली तेव्हा म्हशी माळावर न्यायचो, पाणी उतरल्यावर पुन्हा नदीवर. आणि चालताना गप्प बसणारी बाई मी नव्हे. दावं हातात घेऊन मी सगळ्या रस्त्याभर बोलत असायची. त्या एकेरीवाल्याला, सम-विषमवाल्याला, रोडरोलरवाल्याला, निवेदन लिहिणाऱ्या शहाणीला. कायदा काय करायचा असतो, माणसाला शिस्त लावायला का माणसाची जिरवायला? बुलेटी तर परत सुरू झाल्या होत्या, दुसरे सायलेन्सर बसवून, दुसऱ्या गल्लीतनं. जिरली आमची. म्होरकी माझ्या खांद्याशी तोंड आणून चालायची. तिच्या कानात रोज पाऊण तास, वळसा धरला तर सव्वा तास, माझ्या शिव्या जायच्या.

संध्याकाळचं दवाखान्याचं काम मी सोडलं. डॉक्टरांनी कारण विचारलं तर काय सांगायचं? म्हशीला वळसा पडतो, असं सांगितलं.

नवरात्राच्या आसपास एक दिवस मला नदीवर पोचायला उशीर झाला. परत एकदा स्कूटी उचलली होती, आणि मी फोनवर त्या उचलणाऱ्यांचा उद्धार करतच पायऱ्यांवर आले. म्होरकीनं पाण्यातनं मान वर केली आणि दाव्याशिवाय, हाकेशिवाय सरळ बाहेर आली. माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, अंगावरनं पाणी गळतंय. मागनं तिघी.

मला इतका आनंद झाला की मी फोन तसाच कापला. "अवं, बघितलंसा काय?" मी ओरडले. "आली! आपली आपण आली!"

नवरा पायरीवर बसला होता. "बघितलं की," तो म्हणाला. "बरं झालं."

त्या दिवसापासनं पाण्यातनं ओढून काढायचा वेळ वाचला, म्हशी वेळेत यायला लागल्या, म्होरकी दूध द्यायला लागली, राधानगरीच्या माणसाला नको म्हणून कळवलं. मी स्वतःवर खूश होते. त्याच्या तोंडाकडं बघायचं मला सुचलं नाही, ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो गॅरेजला गेला आणि मोकळा सायलेन्सर बसवून आला. एका दिवसापुरता. रात्री शिंगांना रंग देताना माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या तू गप बस. एक शब्द बोलू नगंस."

"न्हाय बोलत," मी म्हणाले.

पाडव्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. आणि गाड्या! पन्नास, साठ, सगळ्यांचे सायलेन्सर मोकळे, धुरानं डोळे चुरचुरतात, कानाचे दडे बसतात. आमचा हवालदार दोरी धरून गर्दी मागं सारत होता आणि गाड्यांना वाट करून देत होता. रोज आठ मिनिटं ज्याला वाकायला जमलं नाही, तो कायदा आज सगळ्या गावापुढं आडवा पडला होता. माझ्या ओठावर एवढं आलं होतं, पण मी शब्द दिला होता. पदर तोंडात धरून मी कडेला उभी राहिले.

आमची पाळी आली. नवरा नवा शर्ट घालून गाडीवर बसला. मान ताठ. मूठ पिळली. गाडी गरजली. म्होरकी रंगवलेली शिंगं घेऊन रस्त्याच्या मध्यात उभी, आणि तिला काही कळेना. हा सायलेन्सर दुसरा होता, तिचा सायलेन्सर रोलरखाली चपटा झालेला. त्यानं परत मूठ पिळली. हाक मारली. लोक टाळ्या वाजवायला लागले, शिट्ट्या मारायला लागले. म्होरकीनं मान वळवून या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. ती मला शोधत होती. मी मागं सरकले, एका जाड्या माणसाच्या पाठीआड गेले. देवा, जा ना बाई, जा त्याच्या मागनं, एवढं एकदा जा.

ती जागची हलली नाही. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

नवऱ्यानं गाडी बंद केली. उतरला, स्टँड लावला, आणि गर्दीतनं मला शोधत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बोल की," तो म्हणाला. "तुझ्याबिगर येत न्हाय ती."

मी तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला. म्होरकीनं कान हलवले आणि तशीच उभी राहिली. तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

"रडू नगंस," तो हळू म्हणाला. "रडण्यावर न्हाय येत. शिव्या दे."

मग मी रस्त्याच्या मध्यात गेले आणि शिव्या दिल्या. कुणाकुणाला दिल्या ते आठवत नाही. म्होरकी लगेच माझ्या खांद्याशी आली, मागनं तिघी, आणि आम्ही चालायला लागलो. लोकांनी मोठ्या टाळ्या वाजवल्या. तो सगळ्यांच्या मागनं बंद गाडी ढकलत आला.